गाय भरवताना: माज ओळखण्यापासून गाभण तपासणीपर्यंत

गायीचा गाभणकाळ साधारण २८० दिवसांचा, म्हणजे नऊ महिने नऊ दिवस. व्यायल्यावर ८५ दिवसांच्या आसपास ती पुन्हा गाभण राहिली, तरच वर्षाला एक वेत हा हिशेब जमतो. एक माज, म्हणजे गाय भरवून (वळूकडे नेऊन किंवा कृत्रिम रेतनाने) गाभण करण्याची वेळ, हुकला की २१ दिवस गेले. दिवसाला दोनशे रुपयांचा चारा आणि पेंड खाणारी गाय धरली, तर एका हुकलेल्या माजाचे ४,२०० रुपये होतात. पुढचं वेत लांबलं, दूध लांबलं, ते वेगळंच. मोठ्या डेअरीत हा तोटा चाळीस-पन्नास गायींत मुरून जातो. तीन गायींच्या गोठ्यात तो थेट घरखर्चातून जातो.

कृत्रिम रेतनाचा विषय निघाला की बोलणं लगेच कांडीवर, म्हणजे वळूचं गोठवलेलं रेत भरलेल्या बारीक नळीवर येतं: कोणत्या वळूची, कोणत्या कंपनीची, केवढ्याची. कांडी महत्त्वाची आहेच. पण भरवायला येणारा माणूस तुमच्या गोठ्यात दहा-पंधरा मिनिटं असतो आणि बाकीचे सगळे दिवस गाय तुमच्या डोळ्यांसमोर असते. ती गाभण राहणार की उलटणार, म्हणजे भरवूनही पुन्हा माजावर येणार, याचा बराचसा निकाल त्याला फोन लावण्याआधीच लागलेला असतो. म्हणून इथे गोठ्यातल्या कामावर जास्त लिहिलं आहे.

वळू की कांडी

पाच गायींपर्यंतच्या गोठ्यात वळू पाळणं मला कुठल्याच बाजूने परवडणारं दिसत नाही. वर्षभर त्याला खायला घालायचं, त्याच्यापासून घरातली पोरंटोरं सांभाळायची, आणि दोन-तीन वर्षांत त्याच्याच कालवडी माजावर आल्या की त्याला बदलायचं. गावातल्या मोकाट वळूकडे गाय नेली तर खर्च नाही, पण ब्रुसेलोसिससारखे गर्भपात घडवणारे रोग एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जायची ती सोपी वाट आहे. शिवाय त्या वळूच्या आईचं दूध किती होतं, हे कुणालाच माहीत नसतं.

महाराष्ट्रात ही सेवा शेतकऱ्याच्या दारात नेण्याचं मोठं काम मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला सुरू केलेल्या बायफ या संस्थेने केलं. आज सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने, दूध संघ, बायफची केंद्रं आणि खासगी सेवादाते असे बरेच पर्याय आहेत. कुणाकडूनही सेवा घ्या, फक्त माणूस प्रशिक्षित हवा आणि बोलावल्यावर वेळेत येणारा हवा. आठवड्यातून एकदाच गावात येणाऱ्या फार हुशार माणसापेक्षा रोज येणारा साधा माणूस जास्त उपयोगाचा. माज कुणासाठी थांबत नाही.

गाय भरवण्याजोगी आहे का

कालवडीचं वय विचारण्याआधी वजन बघा. संकरित कालवड साधारण २५० किलोची झाली की भरवायला हरकत नाही. चांगल्या संगोपनात ती १५ ते १८ महिन्यांत तिथे पोहोचते. देशी कालवडीला जास्त वेळ लागतो, अडीच वर्षं किंवा त्याहूनही पुढे. पूर्ण वाढलेल्या गायीच्या वजनाच्या ६० ते ६५ टक्के वजन झाल्याशिवाय घाई करू नये. लहान अंगाची कालवड लवकर भरवली की व्यायला अडते आणि तिची स्वतःची वाढही खुंटते.

व्यालेल्या गायीला निदान ६० दिवस द्या. गर्भाशय मूळ आकाराला येऊन आतून स्वच्छ व्हायला तेवढा वेळ लागतो. तिसाव्या-चाळिसाव्या दिवशी माज आला तर भरवू नका, पण तारीख जरूर लिहून ठेवा. गायीचं चक्र सुरू झालं आहे ही चांगली खबर आहे आणि त्यावरून पुढच्या माजाचा अंदाज बांधता येतो. व्यायल्यावर वार (वासराभोवतीचा, नाळेसकटचा पडदा) बारा तासांत पडली का, नंतर घाण वास येत होता का, हेही आठवून पाहा. वार अडकलेल्या गायीत पुढे गर्भाशयाची सूज राहण्याचा धोका जास्त असतो. अशी गाय भरवण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवून घ्यावी. आणि लोंबणाऱ्या वारेला दगड बांधण्याचा प्रकार कृपा करून कुणी करू नका.

आता खाण्याचं. माजावरच न येणाऱ्या गायींत बऱ्याच गायी आजारी नसतात, उपाशी असतात. वैरण पोटभर मिळते, पण तिच्यात हवं ते नसतं. व्यायल्यानंतरच्या दोन महिन्यांत दूध वाढत असतं आणि खाणं मागे पडलेलं असतं. गाय अंगावरचं मांस-चरबी मोडून दूध देते, आणि अशा वेळी शरीर सगळ्यात आधी प्रजनन थांबवतं. नुसत्या कडब्यावर असलेल्या गायीला स्फुरद कमी पडतो. ऊस पट्ट्यात महिनोन् महिने उसाचं वाढं चालतं. त्यातल्या ऑक्सॅलेट या घटकामुळे कॅल्शियम बांधलं जातं आणि गायीच्या अंगी लागत नाही. वाढं पूर्ण बंद करा असं मी म्हणणार नाही, कारण टंचाईत तेच हाताशी असतं. पण सोबत लसूणघास किंवा मका हवा आणि खनिज मिश्रण रोज हवं, मोठ्या गायीला ५० ग्रॅम. जंतनाशक वेळच्या वेळी द्या. गाय बाजूने पाहिल्यावर शेवटच्या दोन-तीन बरगड्या पुसट दिसाव्यात. सगळ्या मोजता आल्या तर ती रोड आहे, एकही दिसत नसेल तर जास्तच लठ्ठ. दोन्हीही गाभण राहायला त्रास देतात.

माज ओळखणं

गाय दर १८ ते २४ दिवसांनी, सरासरी २१ दिवसांनी माजावर येते आणि माज १२ ते १८ तास टिकतो, संकरित गायींत कधी त्याहून जास्त. यातलं बरंचसं रात्री आणि पहाटे घडतं, उन्हाळ्यात तर जवळपास सगळंच. दिवसा दोनदा धार काढताना नजर टाकणारा माणूस निम्मे माज चुकवू शकतो.

मुक्तसंचार गोठा असेल तर काम सोपं. जी गाय दुसरीला स्वतःवर उडू देते आणि जागची हलत नाही, ती खऱ्या माजावर. उडणारी गाय माजावर असेलच असं नाही, ती येऊ घातलेली असू शकते. शेपटीच्या मुळाशी केस विस्कटलेले, कुल्ल्यांवर मातीचे पट्टे दिसले तर रात्री तिच्यावर कुणीतरी उडलं होतं.

बांधलेल्या दोन-तीन गायींत हे काही दिसत नाही. तिथे बारीक खुणा वाचाव्या लागतात. गाय अस्वस्थ होते, हंबरते, खाणं अर्धवट सोडते, दूध अचानक लिटर-दोन लिटरने घटतं, थोडी थोडी लघवी करते, शेपटी उचलून धरते, निरण (योनीचा बाहेरचा भाग) सुजल्यासारखं होऊन आतून लालसर दिसतं. आणि सोट, म्हणजे योनीतून येणारा चिकट स्राव. सगळ्यात भरवशाची खूण तीच. भर माजातला सोट अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखा असतो, स्वच्छ आणि लांब तार धरणारा. सुरुवातीला तो पातळ असतो, माज सरताना घट्ट होतो. गाय बसलेली असताना पोटावर दाब येऊन सोट जमिनीवर पडतो. म्हणून पहाटे सगळी जनावरं बसलेली असताना, त्यांना उठवण्याआधी बॅटरी घेऊन प्रत्येकीच्या मागची जमीन पाहावी. उठवल्यावर शेणात सगळं मिसळतं आणि काही कळत नाही.

पहाटे पाच-सहाला, दुपारी एकदा, आणि रात्री नऊ-दहाला झोपण्यापूर्वी, अशी तीन वेळा वीस-वीस मिनिटं गोठ्यात नुसतं उभं राहावं. हातात दुसरं काम नको, घमेलं नको. हे काम घरातल्या बायका सगळ्यात चांगलं करतात, कारण गायीच्या स्वभावातला फरक त्यांना आधी कळतो. त्यांच्या सांगण्यावरून लगेच फोन लावावा, ‘संध्याकाळी बघू’ म्हणून टाळू नये.

गीर, खिल्लार, डांगी, देवणी या गायींचा माज संकरित गायींपेक्षा मवाळ असतो. हंबरणं कमी आणि उडणं आणखी कमी. म्हशीत तर बाहेरून खुणा न दाखवणारा मुका माज नेहमीचाच. तिथे सोट, कासेतला आणि सडांतला बदल आणि वारंवार लघवी यांवरच भागवावं लागतं.

यासाठी एक वही ठेवा. गोठ्यातच, खुंटीला, दोरीने पेन बांधून. प्रत्येक गायीला एक पान: व्यायल्याची तारीख, माजाची तारीख आणि वेळ, भरवल्याची तारीख आणि वेळ, कांडीवरचा वळूचा क्रमांक, भरवणाऱ्याचं नाव, तपासणीचा निकाल. माज दिसला की त्याच्यापुढे २१ दिवसांनंतरची तारीख लिहून टाकायची. तिच्या दोन-तीन दिवस आधीपासून त्या गायीवर जास्त लक्ष. कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांकही पानाच्या वर लिहा. ‘भारत पशुधन’ ॲपवर रेतनाची नोंद त्याच क्रमांकावर होते.

कधी भरवायची

माज संपल्यावर साधारण १० ते १४ तासांनी बीजांड सुटतं आणि ते काही तासच जिवंत असतं. शुक्रजंतू गायीच्या शरीरात दिवसभर टिकतात, पण फलनायोग्य व्हायला त्यांना आधी काही तास लागतात. म्हणजे बीजांड येईल तेव्हा शुक्रजंतू तयार होऊन थांबलेले हवेत. फार लवकर भरवली तर ते दमून मरतात, फार उशिरा भरवली तर बीजांड शिळं होतं.

यावरून निघालेला जुना नियम आजही चालतो. सकाळी माज दिसला तर त्याच दिवशी संध्याकाळी भरवा. संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. आपल्याकडे होणारी चूक बहुतेक घाईची असते. गाय हंबरली की लगेच फोन, तासाभरात माणूस हजर आणि काम उरकलं. त्याला बोलावतानाच सांगा, ‘माज सकाळी सहाला दिसला, संध्याकाळी या.’ चांगला रेतन करणारा ही माहिती तुमच्याकडून मागतोच. भरवल्यावर २४ तासांनीही गाय तशीच माजावर असेल तर पुन्हा एकदा भरवावी. दर वेळी माज दोन-दोन दिवस लांबत असेल, तर तो बीजांड उशिरा सुटण्याचा प्रकार असू शकतो. त्याला डॉक्टरी उपचार लागतो.

माजानंतर एक-तीन दिवसांत निरणातून थोडं रक्त दिसलं तर घाबरू नका, बऱ्याच गायींत आणि कालवडींत ते येतंच. गाय भरवलेली नसेल आणि रक्त दिसलं, तर आता भरवून उपयोग नाही. ती तारीख लिहा आणि तिथून साधारण अठरा-एकोणीस दिवसांनी पुढचा माज धरा.

कोणती कांडी

भरवणाऱ्याच्या कंटेनरमध्ये हाताला लागेल ती कांडी आणि होईल ते वासरू, असं बहुतेक गोठ्यांत चालतं. याचा परिणाम तीन वर्षांनी दिसतो, जेव्हा ती कालवड दुधावर येते.

शुद्ध देशी गाय असेल, खिल्लार, देवणी, लाल कंधारी, डांगी, गवळाऊ, तर तिला त्याच जातीच्या वळूची कांडी द्या. या गायी आपापल्या मुलखाच्या उन्हापावसात तावून निघालेल्या आहेत. त्यांच्यात दुसरं रक्त मिसळून पहिल्या पिढीत दूध वाढेल, पण जात गेली ती गेली. गावठी, कुठल्याच जातीत न बसणाऱ्या गायीला गीर, साहिवाल किंवा जर्सी चालते. लहान चणीच्या गायीला आणि पहिलारू कालवडीला होल्स्टीनपेक्षा जर्सी बरी, कारण वासरू लहान येतं आणि अडण्याचा धोका घटतो.

संकरित गायींत रक्ताचं प्रमाण सांभाळा. देशी गायीला शुद्ध होल्स्टीनची कांडी दिली की कालवड ५० टक्के. तिला पुन्हा शुद्ध होल्स्टीन दिली की ७५. तिच्या पोटची ८७.५. कागदावर दूध वाढत जातं. प्रत्यक्षात मराठवाड्यातल्या मे महिन्यात अशी गाय धापा टाकते, उलटत राहते, गोचीडताप धरते. पंखे, फॉगर, वर्षभर हिरवा चारा हे सगळं असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर ५० ते ६२.५ टक्क्यांच्या आसपास थांबावं, आणि त्यासाठी संकरित वळूची कांडी मागावी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने होल्स्टीन, जर्सी आणि गीर मिळून तयार केलेली फुले त्रिवेणी ही संकरित गाय याच विचारातून आली.

कालवडच हवी असेल तर लिंगनिर्धारित रेत मिळतं. मादी वासरू देणाऱ्या शुक्रजंतूत जनुकीय द्रव्य चारेक टक्के जास्त असतं, त्या फरकावर यंत्राने निवड होते आणि दहापैकी नऊ वेळा कालवड होते. मात्र या कांडीत शुक्रजंतू फार कमी असतात, साधारण वीस लाख. नेहमीच्या कांडीत दोन कोटींच्या आसपास असतात. त्यामुळे गाभण राहण्याचं प्रमाण थोडं कमी पडतं. ही कांडी निरोगी कालवडीला किंवा पहिल्या-दुसऱ्या वेताच्या गायीला, ठळक माजावर आणि माजाच्या उत्तरार्धात द्यावी. दोनदा उलटलेल्या गायीवर ती वापरणं म्हणजे पैसे पाण्यात.

प्रत्यक्ष रेतनाच्या वेळी

गाय आधीच खोड्यात किंवा सावलीत नीट बांधून ठेवा. रानातून पळवत आणलेल्या गायीला लगेच भरवू नये. घाबरलेल्या, मारलेल्या गायीच्या शरीरात शुक्रजंतू पुढे सरकवणाऱ्या गर्भाशयाच्या हालचाली मंदावतात. भर दुपार टाळा. बादलीभर स्वच्छ पाणी, साबण आणि कोमट पाण्याची सोय ठेवा.

पुढचं काम भरवणाऱ्याचं आहे, पण तुम्हाला ते बघता आलं पाहिजे:

१. कंटेनरमध्ये द्रवरूप नायट्रोजन आहे का. कांड्या उणे १९६ अंश सेल्सिअसला राहतात. कांडी शोधताना त्या तोंडाच्या वर काढून न्याहाळत बसू नये, काही सेकंदांतच खालीवर व्हाव्यात.

२. कांडी ३७ अंशाच्या कोमट पाण्यात ३० सेकंद धरली जाते का. खिशात, बगलेत, तळहातावर चोळून वितळवलेल्या कांडीतले बरेच शुक्रजंतू तिथेच मरतात. थर्मासमधलं पाणी आणि तापमापी बघून घ्या.

३. कांडीवर छापलेली जात आणि वळूचा क्रमांक वाचा. वहीत लगेच लिहा, किंवा रिकामी कांडी मागून पानाला चिकटवा.

४. कांडी पुसून कोरडी केली, कापली, गनमध्ये (रेत आत सोडायच्या लांब नळीत) भरली आणि वर नवं आवरण चढवलं. पाण्याचा एक थेंबही शुक्रजंतूंना मारक असतो. आवरण प्रत्येक गायीला नवं हवं, यात तडजोड नको.

५. निरण बाहेरून कोरड्या कागदाने किंवा स्वच्छ फडक्याने पुसलं. हातमोजा घातलेला हात गुदद्वारातून, गन योनीतून, आणि गर्भाशयाचं मुख ओलांडताच रेत सावकाश सोडलं. वितळवल्यापासून हे सगळं पंधरा मिनिटांच्या आत.

सोट गढूळ, पांढरट, पूमिश्रित दिसला तर त्या दिवशी भरवणं थांबवा. आधी उपचार, मग पुढचा माज. असं सांगून कांडी कंटेनरमधून बाहेरच न काढणारा माणूस तुम्हाला मिळाला असेल, तर त्याला सोडू नका.

भरवल्यावर गायीला उपाशी ठेवण्याची किंवा तासन् तास उभं करण्याची गरज नाही. सावली, पाणी, वैरण आणि शांतता पुरे. उन्हाळ्यात पुढचा आठवडाभर तिला थंड ठेवणं मात्र फार मोलाचं आहे. अंगावर पाणी मारा, छपरावर पाचट टाका, वैरण सकाळ-संध्याकाळ द्या. नुकताच रुजू लागलेला गर्भ उष्णतेने सहज जातो.

उलटली तर

सगळं नीट करूनही पहिल्या खेपेला दहापैकी चारेक गायीच गाभण राहतात, हे मनाशी धरून चला. १८ ते २४ दिवसांत माज पुन्हा आला तर गाय उलटली. वहीत बघा, आधीचा माज कधी दिसला आणि कधी भरवली. वेळ चुकली असेल तर तिथेच कारण सापडतं.

तीनदा उलटली की पुन्हा कांडी भरायची नाही. आधी डॉक्टरांकडून गर्भाशय आणि बीजकोश तपासून घ्या. दवाखाना लांब असेल तर १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला बोलावता येतं. माज आणण्यासाठी संप्रेरकांची इंजेक्शनं आहेत, ठरावीक दिवसांच्या क्रमाने देऊन वेळ बांधून भरवताही येतं. पण हे डॉक्टरांच्या हातचं काम. त्यातल्या प्रोस्टाग्लँडिन या संप्रेरकाचं इंजेक्शन गाभण गायीला गेलं तर गर्भ पडतो, आणि गरोदर स्त्रीने किंवा दमेकऱ्याने त्या औषधाला हातही लावू नये.

माज आला नाही म्हणजे गाभणच, असंही धरू नका. सोनोग्राफीत साधारण तिसाव्या दिवसापासून कळतं, हाताने तपासणी ६० दिवसांनी करावी. उलट काही गाभण गायीही माज दाखवतात. भरवून महिना-दीड महिना झालेल्या गायीला अचानक मवाळ माज दिसला, तर आधी तपासा. गाभण गायीच्या गर्भाशयात गन गेली तर गर्भ जाऊ शकतो.

गाभण ठरल्यावर

भरवल्याच्या तारखेत २८० दिवस मिळवून व्यायची तारीख वहीत ठळक लिहा. तिच्या ६० दिवस आधी दूध आटवा. दूध चांगलं चालू आहे म्हणून हा भाकड काळ कापला की पुढच्या वेतात ते दूध कमी होऊन वसूल होतं, आणि रोड गाय व्यायल्यावर माजावर यायलाही उशीर करते.

कालवड झाली तर तिचं नवं पान काढून बापाचा क्रमांक पहिल्या ओळीत लिहा, म्हणजे दोन वर्षांनी तिला त्याच वळूची कांडी दिली जाणार नाही. चार ते आठ महिन्यांच्या वयात तिला ब्रुसेलाची लस टोचून घ्या. ही लस फक्त मादी वासरांना आणि आयुष्यात एकदाच द्यायची असते. टोचल्याची तारीखही त्याच पानावर लिहा.